सोयर फिटेपर्यंतचं घर

कडी उचलून सोडल्याचा आवाज तो केवढा! लोखंडावर लोखंड हलकेच आपटतं, क्षणभर थरथरतं आणि निमतं. घरच्या माणसांच्या कानांना तो ऐकूही येत नाही. माझ्यापुरता मात्र त्या आवाजाला एक चेहरा आहे, किंचित कललेली एक मान आहे आणि अर्धवट मिटलेले दोन डोळे आहेत. मार्था साळवे कुठल्याही नव्या खोलीत शिरली की आधी भिंती न्याहाळत नसे, खिडकी उघडून बाहेर डोकावत नसे. ती दाराकडे वळायची, कडी उचलून सोडून द्यायची, आणि एखाद्या रोग्याच्या छातीतली घरघर ऐकावी तशी त्या नादाकडे कान लावून उभी राहायची. मग हातातली पत्र्याची ट्रंक खाली ठेवायची. ती असं का करते याचं कुतूहल मला तेव्हापासून होतं. उत्तर फार उशिरा मिळालं.

माझ्या वयाला आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि दुरुस्त करण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. अलीकडे आमच्या जुन्या रुग्णालयाची एक स्मरणिका निघाली. तिच्यात तिथल्या नर्स मार्थाताईंवर अर्धं पान आहे. त्या गृहत्यागिनी होत्या, साऱ्या नगरालाच त्यांनी आपलं घर मानलं, स्वतःसाठी चार भिंतींची अपेक्षा कधी ठेवली नाही, असं कुणा तरुणाने मोठ्या भक्तिभावाने लिहिलं आहे. त्याची चूक नाही. त्याने ते कुणाकडून तरी ऐकलं, त्या माणसाने आणखी कुणाकडून. आणि या ओळीचा माग काढत ओढ्याच्या उगमापर्यंत कोणी चालत गेलंच, तर तिथे त्याला मी बसलेला सापडेन. म्हणून हे लिहितो आहे.

ती उंच नव्हती, पण उंच वाटायची. पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचलेला आणि चालणं असं, की लांबून पाहणाऱ्याला ती घाईत आहे की निवांत हे कळू नये. हिवाळ्याच्या सकाळी ती रुग्णालयाच्या फाटकातून आत येई तेव्हा तिच्या आधी तिचा वास येई. वरचा थर कार्बोलिक साबणाचा, करकरीत आणि परका. आणि त्याच्या आतून ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांच्या धुरीचा उबदार गंध. एक वास विलायती वैद्यकाचा, दुसरा आपल्या पणज्यांचा, आणि दोन्ही तिच्या पदरात न भांडता नांदत होते. त्या धुरीवरून रुग्णालयातली माणसं ओळखत, की ताईंचा मुक्काम सध्या कुठल्या तरी बाळंतिणीच्या उशाशी आहे. नुसतं कार्बोलिक आलं, तर समजावं की ताई काल चादरींच्या कोठीत निजल्या.

हे असं का, ते कळायला त्या काळचं नगर डोळ्यांपुढे आणावं लागेल. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि आमच्या शांत, धुळकट शहराचा लष्करी तळ दुधासारखा उतू गेला. अंमलदार, त्यांचे हिशेबनीस, दाणावैरणीचे कंत्राटदार, त्यांचे मुनीम, मुनिमांचे मेहुणे, ज्याला त्याला डोकं टेकायला जागा हवी होती. भिंगारपासून माळीवाड्यापर्यंत पडव्यांना कूड घातले गेले, गोठ्यांना चुना फासला गेला, आणि काल जिथे तट्टू बांधलेलं होतं तिथे आज कोणी बाबू खुंटीला कोट अडकवू लागला. घरमालकांची जीभच बदलली. तोफखाना पेठेतल्या एका म्हाताऱ्याने मला ऐकवलं होतं, "आदी भाडं बोला, खोली मंग दावतो."

मी म्हटलं, "बाबा, खोली न बघता भाडं कसं ठरवायचं?"

"मंग नका ठरवू. तुमच्यामागं तिगंजन उभं हायती, वळून बगा."

वळून पाहिलं तर खरोखरच तिघं उभी होती.

रुग्णालयाच्या व्यवस्थापक मंडळाचे चिटणीस अप्पासाहेब. मी त्यांच्या हाताखालचा तरुण मदतनीस. नर्सेस मिळवणं हे माझ्याकडचं काम. बायकांचा विभाग रात्रीही उघडा ठेवायचा, ही अप्पासाहेबांची फार दिवसांची इच्छा, आणि त्यासाठी मार्थाताईंच्या जोडीला आणखी दोन शिकलेल्या मुली हव्या होत्या. जाहिरात जाई, उत्तरं येत, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एकच प्रश्न असे: राहायचं कुठे? पगार लढाईआधीच्या नगरात ठरलेला होता आणि खोल्या लढाईतल्या नगरात होत्या. शिवाय ज्या मालकाला एकट्या बाईची अडचण नव्हती त्याचं भाडं परवडत नव्हतं. आणि ज्याचं भाडं परवडलं असतं त्याला तिच्या धर्माची, जातीची, अवेळी येण्याजाण्याची, कशाची ना कशाची अडचण होतीच.

मार्थाताईंनी यावर जी वाट काढली, तिचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे मूल जन्मलं की घराला सोयर लागतं. बाळंतिणीची खोली दहा दिवस विटाळाची. तिथे जाईल त्याने अंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही. त्या खोलीत सुईण राहते आणि तिची जात कोणी काढत नाही, कारण शिवाशिवीचे सारे कायदे त्या उंबऱ्याशी तेवढे दिवस निजलेले असतात. त्या कायद्यांच्या झोपेत मार्थाताईंना घर मिळालं. एरवी ज्या घराच्या ओसरीवरही या ख्रिस्ती मुलीला कोणी बस म्हटलं नसतं, त्याच घराच्या थेट आतल्या खोलीत, बाजेच्या शेजारी चटई टाकून ती हक्काने निजे. दिवसभर रुग्णालय, संध्याकाळी परसात तापलेल्या पाण्याने अंघोळ, मग बाळंतीण आणि बाळ. जेवणाचं ताट उंबऱ्यावरून आत सरकवलं जाई. रुग्णालयाच्या नावाने घाबरणाऱ्या घरांना शिकलेले हात मिळत आणि तिला छप्पर मिळे. भाडं काही नाही. म्हणजे आम्ही म्हणत होतो, काही नाही. ते ती आपल्या झोपेतून भरत होती.

माझ्या थोरल्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याच घरी होती. आल्याबरोबर तिने कडी उचलून सोडली तेव्हा माझी आई बाहेरून म्हणाली, "बाई गं, आतून घालू नकोस हो. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तिला दार मोकळं लागतं."

"नाही घालत, काकू," आतून आवाज आला. "नुसती बघत होते."

बाळंतिणीच्या खोलीला उजेड वर्ज्य. उंच झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा सकाळी भिंतीवर उतरायचा, बाजेच्या पायाशी थोडा रेंगाळायचा आणि निघून जायचा. त्या अंधारातून ती अंगणात आली की काही क्षण उन्हात उभी राहून डोळे मिचकावायची; तिच्या पापण्यांवर दोन ऋतूंची सीमा असल्यासारखी वाटे. बाराव्या दिवशी आमच्याकडे पाळणा सजला. खोली शेणाने सारवून झाली, गोमूत्र शिंपडून झालं, आणि तिची ट्रंक अंगणात आली, तुळशीपासून जरा लांब. आत बायका पाळणा म्हणत होत्या, बाहेर ती ट्रंकेवर बसून बोटांनी ताल धरत होती. आईने तिला चोळीचं कापड दिलं, तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "लोणी आहेत गं तुझे हात." आणि ती उठून गेल्यावर त्याच आईने ट्रंकेच्या जागी सडा घातला. आईच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. माझ्याही नव्हतं. मला ती व्यवस्था विलक्षण सुंदर वाटली होती.

पुढे मी कुतूहलाने तिच्या मुक्कामांचा माग ठेवू लागलो तेव्हा आणखी एक गंमत ध्यानात आली. लग्नं उन्हाळ्यात लागतात, म्हणून निदान आमच्या पेठांमध्ये तरी पाळणे थंडीत हलत. पौषापासून चैत्रापर्यंत तिला एका खोलीतून दुसरी खोली मिळत जाई. धुरीचा वास तिच्या केसांत मुरून राही, गाल भरत, चालण्यात एक संथपणा येई. आषाढ लागला की गावातले पाळणे थांबत आणि तिच्या अंगाला नुसत्या कार्बोलिकचा वास येऊ लागे. चादरींच्या कोठीत आडवं व्हायला जागा नव्हती; गठ्ठ्यांना पाठ लावून ती बसल्या बसल्या झोपे. बाकीची माणसं पावसावरून, उन्हावरून वर्ष ओळखतात. तिचं वर्ष दुसऱ्यांच्या लग्नतिथींवर चालत होतं.

रुग्णालयाचा कंपाउंडर तिला रोज छेडायचा. "काय ताई, विंचवाचं बिऱ्हाड आज कुठल्या पेठेत?"

"विंचवाला नांगी तरी असते हो," ती म्हणायची. "माझ्याजवळ नुसती ट्रंक."

"पण एखादी खोली बघा की आता."

"मला कशाला घर? सारं नगर माझं माहेर. माहेरात कुणी भाडं भरतं का?"

आणि ती हसायची. ते हसू मला नीट सांगता यायला हवं, कारण या हकिकतीतलं सारं काही त्या हसण्यात आहे. आधी खालचा ओठ दातांखाली जाई, मग नजर बाजूला वळे, आणि मग ते हसू येई, दारात कुणी अनोळखी उभं राहिलं की घरची बाई पदर सारखा करते तसं. झाकण्यासाठी आलेलं हसू होतं ते. मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं, की पाहिलं नाही असं मला कधीच म्हणता येणार नाही.

तिची आई राहुरीजवळ, मुळेकाठच्या खेड्यात, दिराच्या घरी एका कोपऱ्यात दिवस काढत होती. डोळ्यांत पडदा येत चाललेला. एकदा डोळे दाखवायला म्हणून तिला गाडीत घालून आणलं होतं. तपासणी झाली, डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, आणि गाडी परत जुंपेपर्यंत म्हातारी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी उन्हात बसली. हाताने पायरीचा दगड चाचपत तिने विचारलं, "माजी लेक कुटं ऱ्हाती, बाबा? तिचं घर बगायचं हुतं."

मी म्हटलं, "आजी, ताई सगळ्या गावात राहतात. सगळीकडे मान आहे त्यांना."

म्हातारी माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. "सगळीकडं म्हंजी कुटंच न्हाई की रं."

मग तीच पुढे म्हणाली, "हितं आनते म्हनली हाय मला. आपली चूल मांडू म्हनती. म्या म्हनलं, मांड बाई. पन आजून मला उजेड-अंदार कळतुया, तवर मांड. मंग लई उशीर हुईल."

त्या दिवसापासून मार्थाताईंची लगबग मला वेगळी दिसू लागली. अंधूक होत जाणाऱ्या दोन डोळ्यांशी तिची शर्यत लागली होती.

जागा तिने स्वतःच हेरली. माळीवाड्याच्या कडेला गंगूबाई नावाची एक माळीण होती. तिच्या मळ्याच्या बांधाला दोन कौलारू खोल्या, खिडकीशी शेवगा, आणि दिवसभर मोटेच्या चाकाचा तो लांब, रडवेला, तरीही झोप आणणारा सूर. पुरुषमाणूस बरोबर असलेला बरा म्हणून ती मला घेऊन गेली. दाराशी नेहमीसारखी थांबली, कडी उचलली, सोडली. आणि मग तिने मी कधी न पाहिलेली गोष्ट केली. आत जाऊन दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. मोट दोनदा वर आली, दोनदा रिती झाली. शेवग्याची पिवळी पानं आमच्या पायांशी पडत राहिली.

गंगूबाईनं हाक घातली, "अवं बाई, निजली का काय?"

दार उघडलं तेव्हा मार्थाताईंचा चेहरा तळं निवळावं तसा झाला होता. "चांगली आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

"तिगी मिळून घेत असाल तर द्येते," गंगूबाई म्हणाली. "येकटीचं काम न्हाई ते. लष्करातला बाबू रोज खेपा घालतुया, त्याला म्या आजून व्हय म्हनलं न्हाई. जातपात मला नगं सांगूस, माज्या सुनंचं बाळातपन तूच केलंस. पन पोटाला बी बगाया पायजे ना गं?"

सारं कसं जुळून आलं होतं. जाहिरातीला उत्तर देणाऱ्या दोन मुली, एक सोलापूरकडची आणि एक वऱ्हाडातली, राहण्याची सोय असेल तर यायला तयार होत्या. मंडळाने नर्सेसना थोडं घरभाडं मंजूर केलं, की तिघी मिळून त्या खोल्या घेणार. रात्रीचा विभाग उघडणार. आणि म्हातारी मुळेकाठाहून शेवग्याच्या खिडकीशी येणार. मंडळाच्या सभेपर्यंत थांबायचं गंगूबाईनं कबूल केलं. सभेत हे मांडायचं होतं मी.

उन्हाळ्याची दुपार होती. वाळ्याच्या पडद्यातून ओला वास येत होता. अप्पासाहेब म्हणाले, "घरभाड्याचा विषय आहे. तू रोज तिथे असतोस. परिस्थिती सांग."

मी गंगूबाईच्या खोल्यांबद्दलच बोलायला उठलो होतो. पण आधी थोडी प्रस्तावना करावी म्हणून मार्थाताईंच्या मुक्कामांची हकिकत सांगायला लागलो. सोयर, झोपलेले कायदे, थंडीतले पाळणे, अंगणातली ट्रंक. सभा पुढे झुकली. कुणी तरी "वा!" म्हणालं. मी कधी इतकं चांगलं बोललो नव्हतो. तरुण माणसाला पहिल्यांदा ऐकलं जाण्याची जी झिंग चढते ती मला चढली. आणि त्या झिंगेत मी शेवटी म्हणालो, "त्या म्हणतात, मला कशाला घर, सारं नगर माझं माहेर!" शब्द तिचेच होते. फक्त तिचं हसू मी वगळलं होतं.

अप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय बाई आहे!" ते म्हणाले. "हिला भाडं देऊ करणं म्हणजे हिचा अपमान."

"आणि हिला न देता नव्या मुलींना देणं, तो तर मोठाच अपमान," दुसरे एक सभासद म्हणाले. "त्यांनी हिच्याकडून शिकावं."

मी उभाच होतो. अहो, तिला खोली हवी आहे, एवढंच वाक्य बोलायचं राहिलं होतं. पण साऱ्या सभेने नुकतंच ज्याला सुंदर म्हटलं होतं, ते माझ्याच हाताने विद्रूप करायचं मला धैर्य झालं नाही. मी खाली बसलो. घरभाड्याचा विषय बारगळला आणि मार्थाताईंचा सत्कार करावा असं एकमताने ठरलं. आम्ही तिला जागा दिली नाही, आदर दिला. आदराला भाडं पडत नाही.

सत्कार झाला. शाल आणि नारळ. तिने नारळ कानाशी नेऊन हलवला, आतलं पाणी ऐकलं, आणि माझ्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "हे ठेवू कुठं, भाऊ?"

त्याच आठवड्यात त्या दोन मुली नोकरी पाहायला आल्या. राहण्याचं विचारताच अप्पासाहेबांनी अभिमानाने मार्थाताईंकडे बोट दाखवलं. वऱ्हाडातली मुलगी धीट होती. तिने थेट विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा ना, कुठं राहता?"

"सध्या शिंप्यांच्या गल्लीत. परवा बारसं आहे."

"आणि मग?"

"मग दुसऱ्या कुणाचं तरी बाळ."

मुलगी हसली. मग तिच्या लक्षात आलं, की ही थट्टा नाही, आणि तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मिळाली त्या गाडीने दोघी परत गेल्या. हल्लीच्या मुलींना सुखसोयी हव्यात, असं मंडळात बोललं गेलं. गंगूबाईच्या खोल्यांत लष्करातला बाबू राहायला आला. बायकांच्या विभागाच्या खिडक्या संध्याकाळ झाली की पूर्वीसारख्याच काळ्या होत. लांबच्या गावांहून कळा देणाऱ्या बाईला घेऊन आलेल्या गाड्या फाटकापाशी थांबत, आणि चौकीदार हात हलवून त्यांना परत पाठवी. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तो उलट जाणारा आवाज मला आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. आतली बाई जगली की नाही, हे बहुधा कधीच कळत नसे.

दिवाळीच्या आधी मार्थाताई गेल्या. दूरच्या एका रेल्वेच्या गावी, जिथे नर्सेसना राहायला खोली मिळत होती. जास्त पगारासाठी गेल्या असं काहींनी म्हटलं. ज्यांचं प्रेम होतं त्यांनी म्हटलं, की वैरागी माणूस एका गावात थोडाच गुंततो! स्टेशनवर मी एकटाच होतो. गाडी हलायला लागली तेव्हा तिने ट्रंकेतून तो नारळ काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे जागा आहे."

काही वर्षांनी, देश स्वतंत्र झाल्यावर, कामानिमित्त त्या बाजूला जाणं झालं आणि मी वाट वाकडी केली. काळ्या दगडी चाळी, कोळशाच्या धुराने काजळलेली कौलं, दारांवर पिवळ्या रंगात आकडे. शेवटच्या दारात मार्थाताई उभ्या होत्या, केसांत राखाडी रेषा घेऊन. त्यांच्या अंगाला आता ना धुरीचा वास होता ना नुसत्या कार्बोलिकचा. फोडणीचा वास येत होता.

खिडकीशी खाटेवर म्हातारी बसली होती. मी नमस्कार म्हणताच ती ताठ झाली. "ह्यो त्योच की गं. सगळीकडंवाला."

मी मान खाली घातली. तिला ते दिसणार नव्हतं. तिचे डोळे आता पुरते विझले होते. "कदी विझलं?" तिने माझा न विचारलेला प्रश्न स्वतःच घेतला. "हितं यायच्या थोडं आदी. पन म्या समदं चाचपून घेतलंय. ही भिताड. ही चूल. ही माजी लेक." आणि हवेत हात पुढे करून तिने लेकीचं मनगट अचूक धरलं.

बाहेर इंजिन धूर सोडत गेलं. काजळी आत येऊ नये म्हणून मार्थाताईंनी दार लोटलं आणि कडी लावली. तो आवाज झाला आणि इतक्या वर्षांचं कुतूहल माझ्या तोंडून बाहेर पडलं. "ताई, नव्या खोलीत गेलात की तुम्ही कडी का वाजवून बघायचात?"

"आतून लागते का, ते," त्या सहज म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीला आतून घालायची नसते, ठाऊक होतं मला. तरी बघायचे."

"लागली असती, तर?"

"घातली नसती. पण लागते, एवढं तर कळलं असतं."

मी सभेबद्दल सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला, बाळ झोपलेलं असताना बाहेरच्या माणसांना गप्प करायला वर करायच्या तसा. "मला सांगितलंय कुणीतरी. शब्द माझेच होते, भाऊ. चहा घ्या." आणि चहा ओतता ओतता त्या हसल्या. या वेळी खालचा ओठ दातांखाली गेला नाही.

त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. ज्या खोल्यांमध्ये त्या निजल्या त्या बहुतेक पडल्या, त्यांच्या हातांत पहिला श्वास घेणारी माणसं आजोबा-आजी झाली, आणि आपल्या त्या पहिल्या दहा दिवसांत उशाशी कोण जागं होतं हे त्यांच्यापैकी कुणालाच आठवणं शक्य नाही. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघालीच, तर त्या अर्ध्या पानाच्या जागी एकच ओळ छापावी, अशी माझी विनंती आहे: मार्था साळवे यांना घर हवं होतं.

नारळ मी फोडला नाही. त्यातलं पाणी केव्हाच आटलं. आत सुकलेला गोटा सुटून फिरतो, कानाशी नेऊन हलवला की कवचावर हलकेच आपटतो, क्षणभर थरथरतो आणि निमतो. गेलेली माणसं आपल्या मनात राहायला येतात असं म्हणतात. मला अलीकडे वाटतं, ती आत आल्याबरोबर आधी दाराकडे वळतात, कडी उचलून सोडतात, आणि इथून आपल्याला पुन्हा कधी उठावं लागेल, याचा अंदाज घेत उभी राहतात.